उपशामक शुश्रूषा, घरगुती
बऱ्या न होणाऱ्या आजारातील रुग्णाच्या वेदना व इतर त्रास त्याच्या राहत्या घरी कमी करण्याची, कुटुंबालाही आधार देणारी वैद्यकीय सेवा.

आधुनिक उपशामक शुश्रूषेचा पाया सिसिली साँडर्स यांच्या लंडनमधील सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसने (१९६७) घातला. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. घरभेटींचे लोकाधारित प्रारूप मात्र कोझिकोडमध्ये (१९९३ पासून) घडले. राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आला, अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनचे परवाने सुलभ केले (पहा : अफू, मॉर्फीन).

मॉर्फीनची साधी गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता दर चार तासांनी देतात. सोबत रेचक लागतेच. तोंडाच्या कर्करोगातील जखमेची दुर्गंधी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून भुरभुरल्यास कमी होते. कूस बदलणे, नळीवाटे अन्न, तोंडाची स्वच्छता ही कामे परिचारिका घरच्यांना शिकवते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत खर्ऱ्याच्या सेवनामुळे मुखकर्करोगाचा धोका मोठा आहे (पहा : खर्रा; मुखकर्करोग). चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून उपचारांसाठी गाठायचे नागपूर दीडशे किमी.हून दूर; जंगलपट्टीतील गावांना त्याआधी एसटीचा टप्पाही गाठावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास हा प्रवास झेपत नाही, म्हणून येथे घरभेटीचे मोल अधिक. आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांत उपशामक शुश्रूषा समाविष्ट असून असे रुग्ण शोधण्याचा पहिला दुवा आशा सेविका असते (पहा : आशा सेविका).