हस्तलिखितांच्या सूची व सूचीकाराचें बदलतें कार्य

पोथी जपणें व पोथीची नोंद करणें हीं दोन्ही कामें एकच होत असें पुष्कळांस वाटतें; वस्तुतः तीं भिन्न आहेत. रुमालांत सुरक्षित असलेली, परंतु कोणत्याहि यादींत न आलेली पोथी संशोधकाच्या दृष्टीनें नसल्यासारखीच होय. चुकीच्या नांवाखालीं नोंदलेली पोथी तर त्याहून दुर्दैवी; कारण तिचा शोध करण्याची बुद्धीच कोणास होत नाहीं. विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या ग्रंथालयांत अशा नोंदींस हल्लीं 'मेटाडेटा' हें नांव पडलें आहे. नांव नवें, काम जुनें; मात्र त्या कामाचें स्वरूप गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत कसें बदललें, हें पुण्यांतील एका संग्रहावरून चांगलें दिसून येतें.

मुंबई सरकारनें १८६६ सालीं हस्तलिखितें जमविण्यास आरंभ केला, व १८६८ मध्यें हिंदुस्थान सरकारनें या कामास देशव्यापी योजनेचें रूप दिलें. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृति विद्वानांनीं ठिकठिकाणीं हिंडून पोथ्या मिळविल्या व आपले अहवाल छापले. त्यांतील याद्यांचें पहिलें प्रयोजन, अमुक वर्षीं सरकारच्या मालकीचें काय झालें, तें सांगण्याचें होतें. तथापि त्यांत एक मोठा गुण होता. पोथीच्या अंकास ती मिळाल्याचें वर्ष जोडलेलें असे. म्हणून १८७५-७६ हें वर्ष अंकापुढें दिसलें कीं जाणत्यास ब्यूलर यांच्या काश्मीरच्या प्रवासाचें स्मरण होतें, आणि शारदा लिपींतील भूर्जपत्रें पुण्यास कशीं आलीं याचा उलगडा होतो. डेक्कन कॉलेजांत साठलेला हा १७,००० हून अधिक पोथ्यांचा संग्रह १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. पण ते जुने अंक कायम राहिले, ही मोठी सुदैवाची गोष्ट होय.

यादीची पुढची पायरी म्हणजे सूचींची सूची. थिओडोर औफ्रेख्ट यांनीं लाइप्झिग येथें १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' प्रसिद्ध करून तोंवरच्या याद्या ग्रंथनामें व ग्रंथकार यांच्या अनुक्रमानें एकत्र केल्या. मद्रास विद्यापीठानें १९३५ मध्यें त्याच्या नव्या आवृत्तीचें काम हातीं घेतलें. तिचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला. येथें सूचीकाराचें काम पालटलें. आपल्या कपाटांत काय आहे एवढेंच सांगून त्यास थांबतां येईना. एकाच नांवाचे ग्रंथकार कोणते, व अनेक नांवांचा ग्रंथ एकच कोणता, याचा निर्णय करणें त्यास भाग पडलें. आर्यभटीयाचा भाष्यकार भास्कर इसवी सनाच्या सातव्या शतकांतला. लीलावतीचा कर्ता भास्कराचार्य शके १०३६ मध्यें जन्मलेला. ब्रह्मसूत्रांवर भाष्य करणारा भास्कर तिसराच. 'भास्कर' एवढीच नोंद असेल तर तिनें वाट दाखविण्याऐवजीं वाट चुकविली असेंच म्हणावें लागेल. परशुराम कृष्ण गोडे हे भांडारकर मंदिरांतील संग्रहाचे रक्षक. पुष्पिका व अवतरणें तपासून ग्रंथांचे काल ठरविणारे त्यांचे शेंकडों लेख, नोंदकार हाच संशोधक कसा होतो याचा उत्तम दाखला होत.

यानंतर यंत्रयुग आलें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें संगणकास वाचतां येईल अशी 'मार्क' नांवाची नोंदपद्धति सिद्ध केली. १९९५ पासून 'डब्लिन कोअर' ही त्याहून सोपी पद्धति पुढें आली. आपल्याकडे २००३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानानें देशभरच्या पोथ्यांच्या नोंदी संगणकावर आणण्याचा उद्योग आरंभिला. यामुळें दूरच्या अभ्यासकासहि घरबसल्या शोध करतां येऊं लागला, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु 'डब्लिन कोअर'च्या साध्या पंधरा रकान्यांत कालासाठीं रकाना एकच. सिद्धान्तशिरोमणि शके १०७२ मधला. त्याची एखादी प्रत त्यानंतर पांचशें वर्षांनीं उतरलेली असूं शकते. आणि त्या लेखकानें आपल्यापुढील जुन्या प्रतीचा शकहि तसाच उतरून घेतला असेल, तर एकाच पोथीस तीन काल चिकटतात. रकान्यांत कोणता घालावयाचा? हें यंत्र ठरवीत नाहीं. शिवाय पूर्वीची चूक एका छापील यादींत पडून राही. आतांची चूक एका नोंदीवरून दहा ठिकाणीं क्षणांत उतरते.

सारांश, साधनें वाढलीं तसतसें नोंदकाराचें काम हलकें न होतां अधिक जबाबदारीचें झालें आहे. पूर्वी तो मालमत्तेचा हिशेब ठेवी. आतां ग्रंथ, ग्रंथकार व प्रत यांची ओळख पटविणारा तो साक्षीदार झाला आहे. त्याच्या साक्षीस आधार मात्र संग्राहकाकडूनच मिळावयाचा. म्हणून पोथी संस्थेच्या स्वाधीन करतांना ती कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडून व केव्हां मिळाली, हें संग्राहकांनीं लिहून द्यावें. पुष्पिका अक्षरशः उतरावी. रचनेचा व लेखनाचा शक वेगळा दाखवावा. आणि जुना अंक नव्या नोंदींत कधींहि गाळूं देऊं नये. पोथीचीं पानें पुढें केव्हांहि छायाचित्रित करतां येतील. ती कोठून आली हें सांगणारा मनुष्य गेला, म्हणजे तें ज्ञान कोणत्याहि यंत्रास परत आणतां येणार नाहीं.