चर्चा (प्रयोग-अहवालातील)

प्रयोगातून मिळालेल्या निरीक्षणांचा अर्थ लावणारा, शास्त्रीय अहवालातील निष्कर्षापूर्वीचा विभाग.

उगम : १६६५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकातील अनेक वृत्तांत पत्ररूप असत, त्यांत निरीक्षण व भाष्य एकत्रच येई. प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे व चर्चा ही चौविभागी मांडणी विसाव्या शतकात रूढ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७२ मध्ये ती प्रमाणित केली (पहा : शोधनिबंध).

वैशिष्ट्ये : आरंभी मुख्य निरीक्षणाचे गृहीतकाशी नाते सांगतात. त्यानंतर मान्य मूल्याशी व पूर्वसंशोधनाशी तुलना, तफावतीची कारणे, प्रयोगाच्या मर्यादा आणि पुढील प्रयोगाची दिशा हा क्रम असतो. नवे निरीक्षण येथे देत नाहीत. त्रुटीचे कारण, तिची दिशा व परिमाण नोंदवतात (पहा : त्रुटी, मापनातील). उदा., साध्या लंबकाची खरी लांबी १०० सेंमी. असताना ती गोळ्याच्या मध्याऐवजी वरच्या टोकापर्यंत मोजली आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंमी. असली, तर गुरुत्वीय त्वरण ९.८ऐवजी सुमारे ९.७ मी./से.² येते. आवर्तकालाचा वर्ग व लांबी यांचा आलेख अशा वेळी आरंभबिंदूतून जात नाही. त्याच्या चढावरून मात्र योग्य मूल्य मिळते (पहा : लंबक).

महत्त्व : निरीक्षण व अनुमान यांतील सीमा या विभागामुळे स्पष्ट राहते. दाव्याला पुराव्याचा आधार किती, हे वाचकास तपासता येते आणि प्रयोगाची पुनरावृत्ती करताना कोणती दक्षता घ्यावी, हे कळते (पहा : वैज्ञानिक पद्धती).