खिशातून घरी येणारे विषाणू : घरगुती संगणकाची राखण

जालना, प्रतिनिधी : शिष्यवृत्तीचा अर्ज, सात-बारा उतारा किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र छापून घ्यायचे असले, की घरातील पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानाची वाट धरतो. जालना शहर असो वा अंबड, परतूर, भोकरदन, चित्र सारखेच. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पेन ड्राइव्ह तेथील एकाच संगणकाला जोडले जातात. त्यांतील एक बाधित असला, तरी इतरांना लागण होण्यास फारसा वेळ लागत नाही. घरच्या संगणकाला धोका म्हटले, की दूरदेशी बसलेला हॅकर डोळ्यांसमोर येतो; प्रत्यक्षात कित्येकदा तो आपणच खिशातून घरी आणतो.

ही वाट जुनीच आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून देशोदेशी पोहोचला. त्यानंतर काही वर्षांनी पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्ती करणाऱ्या कैलास काटकर यांच्याकडे विषाणूबाधित संगणक येऊ लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रणाली लिहिल्या आणि त्यांतूनच पुढे ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक आकारास आले. फ्लॉपी गेली, तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली, एवढाच फरक.

आपल्याकडे हमखास आढळणारा प्रकार म्हणजे ‘शॉर्टकट व्हायरस’. तो पेन ड्राइव्हमधील मूळ फोल्डर लपवतो आणि त्यांच्याच नावांचे शॉर्टकट समोर मांडतो. त्यावर क्लिक केले, की आधी विषाणू चालू होतो आणि मागोमाग खरे फोल्डर उघडते. काम अडत नसल्याने वापरणाऱ्यास संशयही येत नाही. येथे घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणे ही सर्वांत मोठी चूक होय. प्रस्तुत प्रतिनिधीने एका दुकानदाराच्या सल्ल्यावरून ती केली आणि दोन वर्षांची छायाचित्रे गमावली. ती त्याच पेन ड्राइव्हमध्ये लपलेली होती, हे नंतर कळले! आधी विषाणूरोधकाने तपासणी करावी, नंतर फोल्डरच्या ‘व्ह्यू’ पर्यायांत लपलेल्या फाइल दाखवण्याची खूण करावी. तरीही काही दिसले नाही, तर संरक्षित प्रणाली-फाइल लपवण्याची खूण काढावी. माहिती बहुधा जागेवरच सापडते. केवळ छपाईसाठी जायचे असेल, तर पेन ड्राइव्हवर तेवढी एकच फाइल न्यावी.

हेरगिरी करणारी प्रणाली, अर्थात स्पायवेअर, याहून लबाड असते. ती काही बिघडवत नाही. मुकाट्याने कळफलकावरील प्रत्येक कळ टिपते आणि बँकेचा पासवर्ड तिसऱ्याच्या हाती देते. ती येते ती फुकटाच्या मोहातून. महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. त्या एका वाक्यातच सारे आले. मराठी टंकलेखनासाठी तर अनोळखी ठिकाणांहून काही उतरवण्याची गरजच नाही. विंडोजमध्ये मराठी युनिकोड कळफलक असतोच, केवळ सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करावा लागतो. ब्राउझरचे मुखपृष्ठ आपोआप बदलणे, न मागता जाहिराती उघडणे, कुणी काही करत नसताना संगणक मंदावणे ही संशयाची लक्षणे. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे ओरडणारे पान मात्र निव्वळ फसवणूक असते. फोन न करता ब्राउझर बंद करावा.

विषाणूरोधक विकत घ्यावे काय, हा नेहमीचा प्रश्न. विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफेंडर’ मूळचेच असते आणि घरगुती वापरास ते पुरेसे आहे, असे आमचे मत. एका संगणकावर दोन विषाणूरोधके ठेवू नयेत. ती एकमेकांत अडथळे आणतात. मुदत संपलेली चाचणी आवृत्तीही काढून टाकावी, कारण तिच्या भरवशावर राहणे अधिक घातक.

त्याहून महत्त्वाचे आहे अपडेट. वीज जाईल, डेटा संपेल म्हणून अनेक जण ते बंद ठेवतात. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक छिद्र बुजवले होते. ज्यांनी ते अपडेट घेतले नाही, त्यांच्यावर त्याच वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ कोसळला आणि सुमारे १५० देशांतील संगणकांतील फाइल कुलूपबंद करून त्याने खंडणी मागितली. जूनमध्ये तेच छिद्र वापरणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने उरणजवळील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मुलांसाठी वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडून द्यावे. छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्कही खंडणीखोर विषाणूच्या तावडीत सापडते.

लागण झाल्याचे दिसताच प्रथम इंटरनेट तोडावे आणि डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी चालवावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वी होत असल्याने दडलेले विषाणूही सापडण्याची शक्यता वाढते. बँकेचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा मोबाइलवरून. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने विषाणू काढण्याची साधने विनामूल्य दिली आहेत. खात्यातून पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते.