एकसष्ट किलोंचा तराजू

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या घराघरांत एकच नाव निघते, ते म्हणजे मुहम्मद अली. अली हेवीवेट होता आणि जगाचे लक्ष नेहमी त्याच गटावर खिळलेले असते. पण या खेळाचे जाणकार खऱ्या कसबाची चर्चा करू लागले की हळूच खालच्या एका गटाकडे वळतात. तो गट लाईटवेटचा. त्याची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे ६१ किलोंहून किंचित अधिक. या वजनाची माणसे आपल्याला बाजारात, बंदरावर, कारखान्याच्या फाटकावर रोज दिसतात. नुसत्या ताकदीवर इथे भागत नाही. वेग, अक्कल, दम आणि सोसण्याची तयारी हे सारे एकाच देहात असावे लागते.

या गटाचा सर्वश्रेष्ठ योद्धा कोण? १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने शतकाचा हिशेब मांडला आणि पनामाच्या रोबेर्तो दुरानला पहिले स्थान दिले. त्यापूर्वी ‘रिंग’ मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी जो गॅन्सला पहिला मान दिला होता. दोन्ही निवाडे जाणकारांचेच. मग ते जुळत का नाहीत? कारण प्रत्येक काळाचा तराजू वेगळा होता, आणि काही काळांत तर त्या तराजूवर कुणाचे तरी बोट दाबलेले होते.

जो गॅन्स १८७४ साली बाल्टिमोरमध्ये जन्मला. १९०० साली फ्रँक अर्नविरुद्ध डोळ्याला जखम झाल्यामुळे त्याची किताबाची संधी हुकली. १२ मे १९०२ रोजी कॅनडातील फोर्ट ईरी येथे त्याने त्याच अर्नला पहिल्याच फेरीत लोळवले आणि अमेरिकेत जन्मलेला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता ठरला. किताब मिळाला, तरी बरोबरीचा हक्क मिळाला नाही. ३ सप्टेंबर १९०६ रोजी नेवाडातील गोल्डफिल्ड या खाणगावात त्याची गाठ डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या बॅटलिंग नेल्सनशी पडली. विजेता गॅन्स आणि आव्हानवीर नेल्सन, पण मानधनात नेल्सनचा वाटा जवळपास दुप्पट ठरला. वजनाच्या अटीही नेल्सनच्या बाजूने घातल्या गेल्या. फेऱ्यांना मर्यादा नव्हती; एक जण संपेपर्यंत लढायचे. भर उन्हात लढत बेचाळिसाव्या फेरीपर्यंत चालली. गॅन्सचा हात मध्येच दुखावला होता, तरी तो उभा राहिला. शेवटी नेल्सनने कमरेखाली ठोसा मारला आणि पंचांनी गॅन्सला विजयी केले.

त्याच्या नोंदवहीत पराभवही आहेत. १९०० साली शिकागोत टेरी मॅकगव्हर्नकडून तो दुसऱ्याच फेरीत हरला. ही लढत आधीच ठरवून झाली, असा गवगवा तेव्हाच झाला आणि शहरात मुष्टियुद्धावर बंदी आली. काळ्या मुष्टियोद्ध्याला पोटासाठी किती तडजोडी कराव्या लागत, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या काळचे आकडे वाचणे म्हणजे दबावाखाली दिलेली गवाही खरी मानणे होय. १९०८ मध्ये नेल्सनने त्याला दोनदा हरवले. ऑगस्ट १९१० मध्ये गॅन्स क्षयाने गेला.

दुसरे नाव बेनी लेनर्डचे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब यहुदी वस्तीतला हा मुलगा. खरे आडनाव लायनर, पण आईवडिलांना कळू नये म्हणून त्याने रिंगमध्ये नाव बदलले. त्या काळी न्यूयॉर्कच्या कायद्याने पंचांना गुणांवर निकाल देता येत नसे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे आपापला निकाल छापत. किताब हिसकावायचा तर विजेत्याची लढत वेळेआधीच संपवावी लागे. २८ मे १९१७ रोजी लेनर्डने फ्रेडी वेल्शला नवव्या फेरीत संपवले आणि जानेवारी १९२५ मध्ये किताब राखूनच निवृत्त झाला. साडेसात वर्षांची ही कारकीर्द. १९२९ च्या मंदीत कमाई बुडाली म्हणून तो परतला आणि १९३२ मध्ये जिमी मॅकलार्निनकडून हरला. १९४७ साली पंच म्हणून काम करत असताना रिंगमध्येच त्याचा इंतकाल झाला.

हेन्री आर्मस्ट्राँगने ऑगस्ट १९३८ मध्ये लू अँबर्सला हरवून एकाच वेळी तीन गटांचे किताब धारण केले. एकूण मुष्टियोद्धा म्हणून तो कदाचित या सर्वांहून थोर. पण लाईटवेटचा किताब त्याच्याकडे वर्षभरच राहिला, म्हणून या यादीत त्याला वर बसवता येत नाही.

आईक विल्यम्सची कहाणी अधिक बोचणारी आहे. १९४५ ते १९५१ या काळात तो विजेता होता. स्वतःचा कारभार स्वतः पाहू गेला, तेव्हा व्यवस्थापकांच्या संघटनेने त्याच्यावर बहिष्कार घातला. नाइलाजाने त्याने ब्लिंकी पालेर्मो या गुन्हेगारी जगतातल्या माणसाचा हात धरला. पुढे अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर त्याने सांगितले, की दोन मोठ्या लढतींच्या मानधनातला एक पैसाही आपल्या हाती आला नाही, कर मात्र भरावा लागला. हरण्यासाठी लाच देऊ केल्याचेही त्याने सांगितले. कागदावर ‘विजेता’ लिहिलेल्या माणसाची ही अवस्था.

आता दुरान. पनामा शहरातल्या एल चोरियो या गरीब वस्तीतून तो आला. २६ जून १९७२ रोजी त्याने स्कॉटलंडच्या केन ब्युकॅननकडून किताब घेतला. शेवटचा ठोसा कमरेखाली होता, हा आक्षेप आजही घेतला जातो. पुढे त्याने बारा वेळा किताब राखला. या वर्षांत तो एकदाच हरला, १९७२ मध्ये एस्तेबान दे हेसूसकडून, आणि त्याच दे हेसूसला त्याने १९७४ व १९७८ मध्ये चीत करून हिशेब चुकता केला. १९८९ साली दे हेसूस एड्सने मरणपंथाला लागला. जवळ जायला लोक घाबरत असताना दुरानने जाऊन त्याला मिठी मारली. श्रेष्ठत्वाच्या गुणांत ही मिठी मोजता येत नाही, पण विसरताही येत नाही.

दुरानच्या काळी पंधरा फेऱ्या असत. त्या बारा झाल्या त्याला कारण याच गटातला एक मृत्यू. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी वारला. त्यानंतर एकेका संघटनेने फेऱ्या कमी केल्या. त्यामुळे बेचाळीस, पंधरा आणि बारा फेऱ्यांचे योद्धे एका रांगेत उभे करताना हात थरथरावा, हेच योग्य.

पर्नेल व्हिटेकर या नव्या नियमांतला सर्वोत्तम. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये होसे लुईस रामिरेझविरुद्ध पंचांनी त्याला हरवले. पाहणाऱ्यांना तो उघड अन्याय वाटला. पुढच्याच वर्षी त्याने रामिरेझला स्पष्ट हरवले आणि १९९० मध्ये तिन्ही प्रमुख किताब एकत्र केले. आता प्रमुख संघटना चार झाल्या आहेत. डेव्हिन हेनीने २०२२ मध्ये मेलबर्नला चारही पट्टे मिळवले, पण पुढच्याच वर्षी तो वरच्या गटात गेला. वजनही आता आदल्या दिवशी होते, मधल्या वेळेत कित्येक किलो परत चढतात. गॅन्सला ही मुभा कुठून असणार?

माझा क्रम असा : गॅन्स, दुरान, लेनर्ड, व्हिटेकर, विल्यम्स. कुणी म्हणेल, गॅन्सला सहानुभूतीचे गुण दिले. तसे नाही. त्याच्यावर अन्याय झाला म्हणून तो पहिला नाही. अन्याय करूनही त्याला थांबवता आले नाही म्हणून तो पहिला आहे. तो वरच्या गटात गेला आणि १९०४ मध्ये वेल्टरवेट विजेता जो वॉलकॉटशी वीस फेऱ्या बरोबरीत लढला. दुरानच्या हाती निदान सरळ तराजू होता. गॅन्सला वाकड्या तराजूवर आपले वजन सिद्ध करावे लागले.

वाचकांनी हा क्रम खुशाल बदलावा. फक्त आकडे वाचताना ते कुणी, कोणत्या अटीवर लिहून घेतले, एवढे विचारावे. इन्साफाची सुरुवात तिथूनच होते.