स्वरलिपीबाहेरची नोदामे

तोमोको निनोमिया यांची ‘नोदामे कांताबिले’ ही चित्रकथा-मालिका २००१ ते २००९ या काळात ‘किस’ या जपानी नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि २००७ मध्ये तिच्यावरील अ‍ॅनिमे मालिका फुजी टेलिव्हिजनवर आली. संगीत महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांची ही प्रेमकथा विनोदी आहे. बहुधा म्हणूनच तिच्या पोटातील ऐतिहासिक प्रश्नाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शिनइची चिआकी हा बालपणी युरोपात राहिलेला, स्वरलिपीतील प्रत्येक चिन्हाशी इमान राखणारा. पण विमानप्रवासाच्या भीतीमुळे जपानमध्येच अडकून पडलेला. मेगुमी नोदा ऊर्फ नोदामे ऐकलेले कानावरून वाजवते. केरकचऱ्याने भरलेल्या खोलीत ती बीथोवनचा ‘पॅथेटिक’ सोनाटा वाजवते तेव्हा मूळ रचना पार वाकलेली असते, आणि तरीही चिआकी थबकतो. त्याला युरोपला जायचे आहे पण जाता येत नाही. तिला जायचेच नाही, बालवाडीत शिकवायचे आहे.

या जोडीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. मेइजी शासनाने १८७९ मध्ये संगीताच्या अभ्यासासाठी एक सरकारी विभाग स्थापन केला. त्याचे प्रमुख शुजी इसावा यांनी दुसऱ्याच वर्षी बोस्टनहून लूथर व्हाइटिंग मेसन यांना पाचारण केले. १८८७ मध्ये या विभागातूनच तोक्यो संगीत विद्यालय उभे राहिले. पाश्चात्त्य संगीत जपानमध्ये मैफलीतून नव्हे, तर शाळेतून आले. जे शाळेतून येते त्याला बरोबर-चूक असते, परीक्षा असते आणि परीक्षक बहुधा परका असतो. उपज हाच गायकाचा कस मानणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे ओझे चटकन जाणवणार नाही.

ते सर्वांत आधी वाहिले स्त्रियांनी. नोबु कोदा यांना सरकारने १८८९ मध्ये संगीताच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी धाडले, प्रथम बोस्टनला व नंतर व्हिएन्नाला. १८९५ मध्ये परतून त्यांनी तोक्योच्या विद्यालयात अध्यापन केले. हिसा कुनो यांची कथा अधिक करुण. या पियानोवादिका बीथोवनच्या वादनासाठी जपानमध्ये कीर्तिमान झाल्या, विद्यालयात प्राध्यापक झाल्या आणि १९२३ मध्ये युरोपला गेल्या. तेथे एमिल फॉन सावर यांच्याकडे शिकताना, वादनाचे तंत्र पुन्हा मुळापासून शिकावे लागेल असे त्यांना कळले, असे सांगितले जाते. एप्रिल १९२५ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथे त्यांनी आत्महत्या केली. मायदेशी शिखरावर असलेल्या कलावतीला युरोपात विद्यार्थिनीची जागा मिळाली, एवढेच कारण असेल असे नाही. परंतु तो एक धागा नाकारताही येत नाही.

हे ध्यानात ठेवून नोदामेची पियानोस्पर्धा पाहावी. शेवटच्या फेरीला निघताना स्त्राविन्स्कीचे ‘पेत्रुश्का’ तिचे पुरते तयार नसते. वाटेत दूरचित्रवाणीवरील एका पाककृती-कार्यक्रमाची धून तिच्या कानी पडते आणि रंगमंचावर ती त्या रचनेत मिसळते. पुढचे ती तिथल्या तिथे रचून वाजवते. पारितोषिक अर्थातच हुकते. येथवर ही बंडखोरीची सोपी कथा झाली असती. पण निनोमिया नोदामेला स्वरलिपी वाचण्यापासून सुटका देत नाहीत. लहानपणी शिक्षकाने मारल्यामुळे शिस्तीची धास्ती घेतलेली ही मुलगी पुढे पॅरिसमध्ये त्याच स्वरलिपीसमोर बसते, आणि तिच्यात काय लिहिले आहे हे तिला प्रथमच स्वतःला जाणून घ्यायचे असते. चिआकीचे तिच्याशी असलेले नातेही बरेचसे गुरूचे आहे. तो तिच्यावर ओरडतो, प्रसंगी हातही उगारतो, आणि कथा यावर आपल्याला हसायला लावते. मला हे हसू सुखाचे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. स्पर्धेत डावलल्या गेलेल्या नोदामेचे गुण ओळखतो तो शार्ल ओक्लेर, पॅरिसच्या संगीत विद्यालयातील अध्यापक. तिच्या हट्टी, पाककृतीच्या धुनेने भरलेल्या वादनावर मोहोर उठते ती अखेर युरोपातूनच. चिआकीची विमानाची भीती नोदामे एका खिशातल्या घड्याळाने, संमोहन करून, गमतीगमतीत घालवते. परंतु ते विमान उतरते पॅरिसलाच.