सशांवर रोग सोडला, त्याची गोष्ट

हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडं जागल सुरू होते, आन् शेकोटीला कुणीतरी म्हणतंच, "या डुकरांवर एखादा रोग सोडा, कायमचं मोकळं." असा प्रयोग खरंच झालेला आहे. डुकरांवर नाही, ऑस्ट्रेलियात सशांवर.

१८५९ च्या नाताळात थॉमस ऑस्टिन नावाच्या व्हिक्टोरियातल्या जमीनदाराकडं इंग्लंडहून २४ ससे आले. कशाला, तर शिकारीला! ससे तिथं १७८८ पासून होते, पण ते पाळीव, फार पसरले नाहीत. ऑस्टिनच्या सशांत रानटी रक्त होतं. पन्नासेक वर्षांत त्यांनी अर्ध्याहून जास्त खंड व्यापला. मेंढ्यांचं गवत, गव्हाची कोवळी पात, रोपट्यांची साल, काही ठेवलं नाही.

१८८७ ला न्यू साउथ वेल्स सरकारनं उपाय सांगणाऱ्याला २५,००० पौंडांचं बक्षीस लावलं. हजारावर सूचना आल्या. लुई पाश्चरनं तर आपला भाचा आद्रियँ ल्वार याला सिडनीजवळच्या रॉड बेटावर पाठवलं, कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन. ते जंतू खाल्लेला ससा मरायचा, पण त्याच्यापासून दुसऱ्याला रोग नीट लागायचा नाही. वर कोंबड्यांना धोका. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मग पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९०१ ते १९०७ जाळीचं कुंपण घातलं. एकटं पहिलं कुंपण १,८३३ किलोमीटर! काम चालू असतानाच ससे पलीकडं पोचलेले. झटका मशीनवाल्यांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

मिक्सोमा विषाणू दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या रानसशाला नुसती गाठ येते, युरोपी ससा मात्र मरतो. जीन मॅकनामारा या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. कोरड्या भागात चाचण्या झाल्या, रोग पसरेना. १९५० ला मरे नदीच्या खोऱ्यात सोडला, तिथंही विझल्यासारखा झाला. शास्त्रज्ञ निराश झाले होते. तेवढ्यात उन्हाळ्यात डास माजले आणि नदीकाठानं रोग वणव्यासारखा गेला. ससे ९९ टक्क्यांवर मरत होते. मेंढपाळांचं गवत परत आलं.

१९५१ ला त्याच भागात माणसांना मेंदूज्वर झाला, लोक म्हणाले हा सशाचाच रोग. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि क्लुनीज रॉस या तिघांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. काही झालं नाही. माणसांचा आजार वेगळ्या विषाणूचा होता. आपण औषध फवारा म्हणून सांगणारे लै बघितलेत, अंगावर घेणारे कमी.

पण खरी गोष्ट पुढं आहे. फेनर वर्षानुवर्षं मोजत बसला. ससा लगेच मेला तर डासाला त्याला चावायला वेळच कमी. म्हणून जो विषाणू सशाला जास्त दिवस जगवतो तोच जास्त पसरला. एक-दोन वर्षांतच सौम्य वाण पुढं आला. दुसरीकडं वाचलेल्या सशांची पिल्लं चिवट निघाली. एकाच ताकदीच्या विषाणूनं आधी दहातले नऊ मरायचे, सातेक साथींनंतर चारातला एक. तणनाशकाला न जुमानणारं तण आपण बघतो, हिशेब तोच.

आणि तिथं ससा परका होता, विषाणू सशाच्या जातीबाहेर जात नव्हता. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. २०२० ला आफ्रिकन स्वाइन फिव्हर आसाम-अरुणाचलात आला, त्यात पाळीव डुकरं पटापट मेली. वराहपालन करणारा आपलाच गरीब माणूस आहे, त्याच्या गोठ्यात रोग घालून माझा हरभरा वाचवणं मला पटत नाही.

रोगानं ससे कमी झाल्यावर ज्यांनी ट्रॅक्टरनं बिळं खोल नांगरून उद्ध्वस्त केली, त्यांच्याकडं ससे सावकाश परतले. नुसत्या रोगावर विसंबले त्यांच्याकडं पुन्हा वाढले. १९९५ ला दुसऱ्या विषाणूची चाचणी वॉर्डांग बेटावर चालू असताना तो निसटून मुख्य भूमीवर गेला, बहुधा माश्यांबरोबर. पुढच्या वर्षी सरकारनंच तो देशभर सोडला. कोरड्या भागात चांगला चालला. थंड, ओल्या भागात कमी, कारण तिथल्या सशांत त्याच घराण्यातला एक निरुपद्रवी विषाणू आधीपासून होता.