१ ऑगस्ट १९२०

३१ जुलैची मध्यरात्र उलटून काही वेळ झाला होता. मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी अखेरचा श्वास घेतला. दिवस उजाडला तो रविवारचा. गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या अंत्ययात्रेत माणसांचा महासागर लोटला. खांदा देणाऱ्यांत गांधीजीही होते. नेमक्या याच दिवसापासून असहकाराचे आंदोलन सुरू व्हायचे होते आणि ते तसे झालेही. कैसर-ए-हिंद पदक परत करत असल्याचे गांधीजींचे व्हाइसरॉयला लिहिलेले पत्रही याच तारखेचे आहे.

त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. हेच पुढचे अण्णाभाऊ.

जयंती-पुण्यतिथीच्या फलकावर ही दोन नावे शेजारी येतात, ती निव्वळ तारखेमुळे. पण त्यांना जोडणारा खरा धागा गिरणगावात सापडतो. १९०८मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले अण्णाभाऊ याच कामगारवस्तीत घडले. गिरणीत राबले आणि १९४४मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करून कामगारांची सुखदुःखे त्यांनी डफावर मांडली. शाळेने ज्यांना जवळ केले नाही, त्या अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.